कोरियाचा उत्सव आणि काळ्या टोपीचा हक्क

गेल्या काही वर्षांत आपल्या चाळींतून आणि वस्त्यांतून एक नवा सूर ऐकू येऊ लागला आहे. शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुली मोबाईलवर कोरियन गाणी ऐकतात, त्यांच्या तालावर नाच बसवतात, वहीच्या मागच्या पानावर गोल आणि काड्यांची अनोळखी अक्षरे गिरवतात. आईवडिलांना याचा उलगडा होत नाही. "हे कुठले खूळ? याने पोट भरणार आहे का?" असा प्रश्न घराघरांत विचारला जातो. कुठे मुलीला बोलणी बसतात, तर कुठे मोबाईल काढून घेतला जातो.

मुलांना रागावण्यापूर्वी, ती ज्या देशाच्या प्रेमात पडली आहेत त्या देशाची नीट माहिती करून घ्यावी असे आम्हांस वाटते. दक्षिण कोरिया हा देश आज जगभर आपल्या चाहत्यांसाठी उत्सव भरवतो. त्या उत्सवातले ढोल, मुखवटे, कंदील, टोप्या मूळच्या कोणाच्या होत्या, हे तपासले तर आपल्यासारख्या समाजाने लक्षपूर्वक वाचावा असा इतिहास समोर येतो. तोच येथे थोडक्यात मांडत आहोत.

परदेशात भरणारे कोरियन मेळे

कोरियन सरकारने परदेशातली आपली पहिली सांस्कृतिक केंद्रे १९७९ मध्ये टोकियो आणि न्यूयॉर्क येथे उघडली. आज अशी तीसहून अधिक केंद्रे जगभर आहेत. आपल्या देशात दिल्लीला लाजपत नगरमध्ये २०१२ पासून असे केंद्र चालते. तेथे कोरियन भाषेचे वर्ग होतात, स्वयंपाक शिकवला जातो, चित्रपट दाखवले जातात. याच केंद्रातर्फे कोरियन गाण्यांची आणि नाचाची अखिल भारतीय स्पर्धा घेतली जाते आणि तिच्या फेऱ्या देशातील निरनिराळ्या शहरांत होतात. आपल्या ईशान्येकडील राज्यांना हे वेड सर्वांच्या आधी लागले. मणिपूरमध्ये २००० साली सशस्त्र संघटनांनी हिंदी चित्रपटांवर बंदी घातली, तेव्हा रिकाम्या झालेल्या जागी केबलवरून कोरियन मालिका घरोघर पोहोचल्या.

जपानमध्ये २००३-०४ च्या सुमारास 'विंटर सोनाटा' या कोरियन मालिकेने मध्यमवयीन गृहिणींना वेड लावले होते. फ्रान्सची गोष्ट २०११ ची आहे. कोरियन गायकांचा पॅरिसमधला कार्यक्रम १० जूनला ठरला होता. त्याची तिकिटे बघता बघता संपली, तेव्हा ज्यांना तिकीट मिळाले नाही अशा शेकडो तरुण-तरुणींनी लूव्र संग्रहालयासमोर जमून कोरियन गाण्यांवर नाच केला आणि आणखी एका कार्यक्रमाची मागणी केली. ती मान्य झाली आणि ११ जूनला दुसरा कार्यक्रम झाला. त्याच वर्षापासून कोरियातील चांगवॉन शहरात जगभरच्या हौशी चाहत्यांची स्पर्धा सुरू झाली. देशोदेशींच्या कोरियन दूतावासांमार्फत प्राथमिक फेऱ्या होतात आणि निवडलेले स्पर्धक कोरियात जातात. २०१२ मध्ये अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात अर्व्हाइन येथे 'केकॉन' नावाचा मेळा भरला. पुढे तो न्यूयॉर्क, टोकियो, पॅरिस, अबुधाबी, सिडनी, मेक्सिको, बँकॉक, रियाध असा फिरत राहिला.

अशा मेळ्यात नुसते गाणे नसते. एका बाजूला चाहते नाच बसवत असतात. दुसरीकडे 'हानबोक' हा पारंपरिक पोशाख घालून बघता येतो. कोणी कोरियन अक्षरांत आपले नाव लिहून घेते, कोणी किमची म्हणजे तिखट-आंबट मुरवलेल्या कोबीची चव घेते. मध्येच घणघणती झांज आणि ढोल घेऊन वादकांचा ताफा येतो आणि सारी गर्दी त्याच्या मागे चालू लागते.

ती उंच काळी टोपी

या मेळ्यांतून आणि मालिकांतून जगाला आवडलेली एक वस्तू म्हणजे घोड्याच्या केसांची आणि बांबूच्या बारीक काड्यांची विणलेली, रुंद काठाची काळी पारदर्शक टोपी. कोरियन भाषेत तिला 'गाट' म्हणतात. २०१९ च्या 'किंगडम' या मालिकेनंतर परदेशी प्रेक्षकांत या टोप्यांचीच चर्चा झाली. २०२५ मध्ये आलेला 'केपॉप डेमन हंटर्स' हा अमेरिकेत बनलेला कार्टूनपट तर लहान मुलांच्याही तोंडी झाला. त्यातील गायक-राक्षसांच्या डोक्यावरही हीच टोपी आहे. आज परदेशातला चाहता हौसेने ती डोक्यावर चढवतो आणि फोटो काढतो.

पण एक काळ असा होता की कोरियातच जन्मलेल्या हजारो माणसांना ही टोपी घालण्यास मनाई होती.

१३९२ पासून १९१० पर्यंत कोरियावर जोसॉन घराण्याचे राज्य होते. त्या राज्यात समाजाच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. सर्वांत वर 'यांगबान' म्हणजे जमीनदार आणि अधिकारी घराणी, सर्वांत खाली 'चॉनमिन' म्हणजे हीन मानलेले लोक. या खालच्या पायरीवर गुलाम होते, नाचगाणे करणारे होते, अंगात वारे आणणाऱ्या भगतिणी होत्या आणि जनावरे कापणारे, कातडे कमावणारे, बुरूडकाम करणारे 'बेकजोंग' होते. बौद्ध भिक्खूंनाही त्याच पायरीवर ढकलण्यात आले होते.

बेकजोंग लोकांची वस्ती गावाबाहेर असे. त्यांना कौलारू घर बांधता येत नसे, रेशीम वापरता येत नसे. काळी टोपी त्यांना वर्ज्य होती. बाहेर पडताना बांबूच्या काड्यांची साधी टोपी घालावी लागे, म्हणजे दुरूनच ओळख पटावी. इतर जातींच्या पोरासोरांपुढेही त्यांनी वाकून बोलायचे असा रिवाज होता. हे वाचताना आपल्या वाचकांना वेगळे काही समजावून सांगावे लागेल असे वाटत नाही.

१८९४ मध्ये कायद्याने या पायऱ्या मोडल्या, पण समाजात त्या तशाच राहिल्या. सेऊल शहरात पाक सोंग-चुन नावाचा एक बेकजोंग होता. तो आजारी पडला असता राजाच्या पदरी असलेला परदेशी डॉक्टर त्याच्या झोपडीत येऊन उपचार करून गेला. आपल्यालाही कोणी माणूस समजते, ही गोष्ट पाकच्या मनात ठसली. तो ख्रिस्ती झाला. तो चर्चमध्ये येऊन बसू लागला तेव्हा काही उच्चकुलीनांनी त्याच्या शेजारी बसण्यास नकार दिला आणि वेगळी प्रार्थनासभा सुरू केली. तरी पाक मागे हटला नाही. आपल्या लोकांना काळी टोपी घालण्याचा हक्क मिळावा म्हणून त्याने एका मिशनऱ्याच्या साहाय्याने सरकारकडे अर्ज केले. तो हक्क मिळाला, तेव्हा कित्येकांनी आनंदाच्या भरात रात्री झोपतानाही टोपी काढली नाही, असे सांगतात.

१८९८ च्या ऑक्टोबरात सेऊलच्या जोंगनो रस्त्यावर मोठी लोकसभा भरली. तिच्यात मंत्र्यांसमोर आणि जनतेसमोर याच पाकने उभे राहून भाषण केले. त्याचा मुलगा पाक सो-यांग १९०८ साली पाश्चात्य वैद्यकाची पदवी घेणाऱ्या कोरियाच्या पहिल्या सात डॉक्टरांपैकी एक झाला. पुढे तो मांचुरियात गेला, तेथे त्याने दवाखाना आणि शाळा चालवली. बेकजोंगच्या मुलाने डॉक्टर होण्याची कथा २०१० साली 'जेजुंगवॉन' या कोरियन मालिकेत आली. आपल्या घरातील मुली कोरियन मालिका पाहतात, त्यांनी ही आवर्जून शोधून पाहावी.

तराजूच्या नावाची संघटना

जपानने १९१० मध्ये कोरिया गिळंकृत केला. या नव्या राज्यातही बेकजोंगांच्या नावापुढे नोंदवहीत ओळख पटेल अशी खूण राहिली. त्यांच्या मुलांना शाळेत घेण्यास इतर पालक विरोध करू लागले. या अन्यायाविरुद्ध एप्रिल १९२३ मध्ये जिंजू या गावी 'ह्योंगप्योंगसा' ही संघटना स्थापन झाली. या नावाचा अर्थ तराजूच्या दांडीसारखी समता साधणारी सभा. मांस तोलणाऱ्या हातांनी आपल्या चळवळीला तराजूचेच नाव दिले! तिच्या संस्थापकांत बेकजोंग समाजाचे जांग जी-पिल होते आणि उच्चकुलात जन्मलेले कांग सांग-हो हेही होते. आदल्या वर्षी, १९२२ मध्ये, जपानमधील बुराकू या बहिष्कृत समाजाने 'सुइहेइशा' नावाची संघटना काढली होती. या दोन संघटनांचा परस्परांशी संबंध होता.

चळवळ उभी राहताच तिच्यावर घाव पडू लागले. जिंजूतील विरोधकांनी बेकजोंगांकडून मांस न घेण्याचा बहिष्कार पुकारला. १९२५ मध्ये येचॉन येथे जमावाने संघटनेच्या लोकांवर हल्ला केला. येथे तारखांचा मेळ ध्यानात घ्यावा. डॉ. बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ मध्ये स्थापन केली आणि महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ मध्ये झाला. समुद्राच्या दोन टोकांना, जवळजवळ एकाच वेळी, गावाबाहेर ठेवलेली माणसे उठून उभी राहत होती.

कोरियात पुढे काय झाले? १९५० ते ५३ च्या युद्धात लाखो लोक गाव सोडून निघाले. जुन्या ओळखी तुटल्या, शहरे वाढली, आणि कोण कोणाच्या वंशातला हे विचारण्याची सोयच फारशी राहिली नाही. चळवळीने दार खिळखिळे केले होते, युद्धाच्या आणि स्थलांतराच्या लोंढ्यात ते मोडून पडले. आज अमेरिकेत लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क येथे 'बेकजोंग' हेच नाव मिरवणारी कोरियन मांसाहारी हॉटेले आहेत. एकेकाळची शिवी आज दुकानाची पाटी झाली आहे. यात आनंद आहे, कारण नावाचा डंख गेला. पण थोडी खंतही आहे. त्या पाटीखाली बसून जेवणाऱ्या किती चाहत्यांना जिंजूच्या तराजूची गोष्ट ठाऊक असेल?

ढोल कोणाचा, मुखवटा कोणाचा?

आता त्या मेळ्यातल्या ढोलाकडे वळू. 'नामसादांग' म्हणजे गावोगाव फिरून ढोल, डोंबारी खेळ, दोरीवरची चाल, बाहुल्यांचे आणि मुखवट्यांचे नाटक करणाऱ्या भटक्या कलावंतांचा ताफा. त्यांना घर नव्हते, शेत नव्हते. ज्या गावात खेळ करायचा तेथील मुखियाची परवानगी मिळाली तर पोटाला अन्न आणि रात्रीला आसरा मिळे. अशा ताफ्यात वयाच्या पाचव्या वर्षापासून वाढलेल्या किम दुक-सू यांनी १९७८ मध्ये सहकाऱ्यांसह चार वाद्यांचे बैठे वादन रंगमंचावर आणले. दोन ढोल, एक मोठी थाळी आणि एक छोटी थाळी. त्याला 'सामुलनोरी' म्हणतात. आज परदेशातील कोरियन उत्सवात हा ताल हमखास ऐकू येतो. नामसादांगच्या खेळाला युनेस्कोने २००९ मध्ये मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतले.

मुखवट्यांच्या नाचाला 'तालचुम' म्हणतात. त्याची नोंद युनेस्कोने २०२२ मध्ये केली. हाहवे गावच्या मुखवट्यांत जमीनदार आहे, पंडित आहे, नोकर आहे, कसाबकाम करणारा बेकजोंग आहे, म्हातारी विधवा आहे. या खेळात नोकर मालकाची यथेच्छ टर उडवतो. जमीनदार आणि पंडित आपापल्या घराण्याच्या बढाया मारतात आणि प्रेक्षक हसून लोळतात. चेहऱ्यावर मुखवटा चढला की जे एरवी बोलता येत नाही ते भर गावात बोलता येई. आपल्याकडे तमाशाच्या वगात राजाला वेड्यात काढणारा सोंगाड्या ज्या घरांतून आला, त्याच प्रकारच्या घरांतून हा मुखवटाही आला आहे.

२०१८ च्या डिसेंबरात बीटीएस या सात तरुणांच्या ताफ्याने सेऊलच्या एका पुरस्कार समारंभात आपल्या 'आयडॉल' या गाण्यापूर्वी ढोलाचा नाच, पंख्यांचा नाच, मुखवट्यांचा नाच आणि सिंहनृत्य सादर केले. देशोदेशींच्या चाहत्यांनी मग हे नाच कुठले, मुखवटे कुठले याची शोधाशोध केली. ज्या कलेला गावाच्या वेशीवर थांबून परवानगी मागावी लागत होती, ती अशी जगाच्या घरात शिरली.

भिक्खूंना बंद असलेल्या शहरात कंदिलांची मिरवणूक

आपण बौद्ध आहोत, म्हणून कोरियाच्या एका उत्सवाबद्दल आम्ही विशेष सांगणार आहोत. कोरियात बौद्ध धम्म इ. स. ३७२ मध्ये पोहोचला. पुढे अनेक शतके तो राजधर्मच होता. पण जोसॉन घराण्याने धम्माला वाळीत टाकले. विहार शहरांतून डोंगरात हाकलले गेले आणि दीर्घकाळ भिक्खूंना राजधानी सेऊलच्या वेशीच्या आत पाऊल टाकण्यास बंदी होती. ही बंदी १८९५ मध्ये उठली.

आज त्याच सेऊलमध्ये दरवर्षी बुद्ध जयंतीच्या सुमारास 'यॉनदुंगह्वे' म्हणजे कंदिलांचा महोत्सव होतो. कोरियात बुद्ध जयंती चांद्र पंचांगाच्या चौथ्या महिन्यातील आठव्या दिवशी येते, म्हणजे आपल्या वैशाख पौर्णिमेच्या मागेपुढे. १९७५ पासून त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. उत्सवाच्या संध्याकाळी हजारो स्त्री-पुरुष स्वतः बनवलेले कागदी कंदील घेऊन शहराच्या पूर्वेच्या जुन्या वेशीपासून, ह्युंगइनजिमुनपासून, जोंगनो रस्त्याने जोग्येसा विहाराकडे चालत जातात. कमळाचे, हत्तीचे, माशाचे कंदील असतात. विहारांत कंदिलाला कुटुंबाच्या नावाची चिठ्ठी बांधून मंगल कामना केली जाते. बाल सिद्धार्थाच्या मूर्तीला स्नान घातले जाते.

ज्या जोंगनो रस्त्यावर १८९८ मध्ये पाक सोंग-चुन उभा राहून बोलला, त्याच रस्त्याने आता ज्यांना शहरबंदी होती त्या भिक्खूंचे कंदील जातात, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

या उत्सवात परदेशी पाहुण्यांना मुद्दाम सामील करून घेतले जाते. त्यांच्यासाठी कंदील बनवण्याची स्पर्धा असते, शिकवायला स्वयंसेवक असतात. धर्म कोणता, देश कोणता असे कोणी विचारत नाही. युनेस्कोने डिसेंबर २०२० मध्ये या उत्सवाची नोंद वारसा यादीत केली. २००२ च्या विश्वचषक फुटबॉलच्या वेळी कोरियाने पाहुण्यांना विहारात राहण्याची सोय सुरू केली, तीही आजवर चालू आहे. पहाटे उठणे, ध्यान, पात्रात अन्न न टाकता जेवणे, हे सर्व परदेशी तरुण हौसेने करतात.

नव्या पिढीसाठी धम्म किती नवा करावा, हा वादही तेथे झाला. यून सुंग-हो या विनोदी कलावंताने भिक्खूचा वेष करून नाचाच्या संगीतावर बुद्धविचार ऐकवायला सुरुवात केली. २०२४ च्या कंदील महोत्सवात तरुणांनी त्याला डोक्यावर घेतले आणि कोरियातील मोठ्या संघाच्या प्रमुखांनीही त्याचे स्वागत केले. पण मलेशियात त्याचा कार्यक्रम झाल्यावर तेथील बौद्ध संस्थांनी चीवराचा अवमान झाला असे म्हणून आक्षेप घेतला आणि पुढचा कार्यक्रम रद्द झाला. आमच्या मते दोन्ही बाजूंना आपापले कारण आहे. तरुणांना विहारात आणायचे असेल तर त्यांच्या भाषेत बोलावे लागेल, पण चीवर म्हणजे नाटकाचा पोशाख नव्हे हेही विसरता कामा नये.

कोरियन बौद्धांचा एक सोहळा आपल्याच देशात झाला. दोन देशांच्या राजनैतिक संबंधांना पन्नास वर्षे झाली म्हणून २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये १०८ कोरियन भिक्खू आणि उपासक-उपासिकांनी सारनाथपासून श्रावस्तीपर्यंत ४३ दिवसांत १,१६७ किलोमीटरची पदयात्रा केली. बोधगया, राजगीर, वैशाली, कुशीनगर, नेपाळातील लुंबिनी या मार्गाने ते पायी चालले. तेथे ना दिव्यांचा झगमगाट होता ना तिकीट.

सामान्यांसाठी केलेली लिपी

मुली वहीत गिरवतात ती अक्षरेही अशीच खालच्या माणसाच्या बाजूची आहेत. पूर्वी कोरियात चिनी लिपी चाले. ती हजारो चिन्हांची, म्हणून फुरसत आणि पैसा असलेल्यांनाच येई. राजा सेजोंगने सामान्य लोकांना लिहिता-वाचता यावे म्हणून नवी, सोपी लिपी तयार करून १४४६ मध्ये जाहीर केली. तीच 'हंगुल'. पंडितांनी तिला हिणकस म्हणून नाके मुरडली. शतकानुशतके ती मुख्यतः स्त्रिया आणि साधी माणसे यांच्यात जगली. जपानी राजवटीच्या अखेरच्या वर्षांत शाळांतून कोरियन भाषा हद्दपार झाली आणि १९४२ मध्ये कोरियन शब्दकोश तयार करणाऱ्या विद्वानांना अटक झाली. त्यांपैकी दोघे तुरुंगातच वारले. आज ९ ऑक्टोबर हा दिवस दक्षिण कोरियात लिपीचा सण म्हणून पाळतात. ऐंशीहून अधिक देशांत असलेल्या राजा सेजोंगच्या नावाच्या भाषाशाळांतून परदेशी विद्यार्थीही तो साजरा करतात. लिपीचा सण पाळणारा समाज आम्हांस आदरणीय वाटतो, कारण अक्षर नाकारले जाण्याचे दुःख आपल्या आजोबा-आजींनी भोगले आहे.

चाहत्यांची वर्गणी

चाहते म्हणजे केवळ आरडाओरड करणारी पोरे, असा समज असेल तर तोही तपासून पाहावा. कोरियात कार्यक्रमाच्या वेळी कलावंताला फुलांची मोठी चक्रे पाठवण्याची रीत आहे. २००० नंतरच्या दशकाच्या अखेरीस चाहत्यांनी फुलांऐवजी तांदळाच्या गोणी पाठवायला सुरुवात केली. कार्यक्रम संपल्यावर तो तांदूळ गरजूंना वाटला जातो. परदेशातले चाहतेही वर्गणी काढून आपल्या देशाच्या नावाने गोणी पाठवतात. जून २०२० मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या न्यायासाठी बीटीएसने दहा लाख डॉलर दिले, तेव्हा त्यांच्या चाहत्यांनी साधारण एका दिवसात तेवढीच रक्कम जगभरातून गोळा केली. कोणी पाच डॉलर दिले, कोणी दहा.

३ डिसेंबर २०२४ च्या रात्री कोरियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांनी देशावर लष्करी कायदा लादला. संसदेने काही तासांतच तो मोडून काढला. पुढचे कित्येक दिवस लोक थंडीत रस्त्यावर उतरले. त्यांत तरुण मुलींचा भरणा मोठा होता आणि त्यांच्या हातांत मेणबत्त्यांऐवजी गायकांच्या कार्यक्रमात हलवायच्या रंगीत दिव्यांच्या कांड्या होत्या. १४ डिसेंबरला संसदेने महाभियोग मंजूर केला आणि ४ एप्रिल २०२५ रोजी संविधान न्यायालयाने राष्ट्राध्यक्षांना पदावरून दूर केले. गाण्याच्या कार्यक्रमासाठी घेतलेला दिवा संविधानासाठी पेटला.

दुसरी बाजूही पाहावी

हे सर्व असले तरी सावध करणे आमचे कर्तव्य आहे. हा मोठा धंदा आहे. गायक होण्यासाठी लहान वयात मुलांना वर्षानुवर्षे राबवून घेतले जाते. २००९ मध्ये एका प्रसिद्ध ताफ्यातील तिघांनी तेरा वर्षांच्या कराराविरुद्ध कोर्टात धाव घेतली. त्याच वर्षी सरकारी आयोगाने नमुना करार तयार करून सात वर्षांची मर्यादा सुचवली. २०१७ ते २०१९ या काळात तीन नामवंत तरुण कलावंतांनी आपले जीवन संपवले, तेव्हा या झगमगाटामागचा ताण जगासमोर आला. गोरा रंग आणि सडपातळ बांधा यांचे अवाजवी वेड या धंद्याने वाढवले आहे. आपल्या सावळ्या, कष्टाळू मुलींनी त्या आरशात स्वतःला कमी लेखू नये.

पैशाचेही तसेच आहे. एकाच गाण्यांच्या संचात निरनिराळ्या गायकांची चित्रे घालून विकतात, म्हणजे हवे ते चित्र मिळेपर्यंत चाहता तोच संच पुन्हा पुन्हा घेतो. नको असलेल्या प्लॅस्टिकचे ढीग साचतात. याविरुद्ध चाहत्यांनीच २०२१ पासून मोहीम उघडली आहे. रोजंदारीवर चालणाऱ्या घरात अशा खरेदीला जागा नाही, हे मुलांना शांतपणे पटवून द्यावे. गाणे ऐकायला संच विकत घ्यावा लागत नाही.

घरात काय करावे?

मुलीला भाषेची खरी गोडी असेल तर तिला दिशा द्यावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर शिकता येतील अशा परदेशी भाषांत कोरियन भाषेचे नाव आहे. कोरियन भाषेच्या ज्ञानाची 'टॉपिक' ही परीक्षा १९९७ पासून चालते. कोरियन सरकारची 'ग्लोबल कोरिया' शिष्यवृत्तीही आहे. तीत शिक्षणशुल्क, विमानभाडे, दरमहा खर्च आणि सुरुवातीस भाषेचे शिक्षण मिळते. तिच्यासाठी चांगल्या गुणांची अट असते आणि अर्ज दूतावासामार्फत किंवा तेथील विद्यापीठामार्फत करता येतो. ज्या मुलीने गाण्यासाठी अक्षरे शिकली ती अभ्यासासाठीही शिकू शकेल, फक्त घराने तिच्या पाठीशी उभे राहावे.

आणि एक संध्याकाळ तिच्याजवळ बसावे. तिला पाक सोंग-चुनची गोष्ट सांगावी, जिंजूच्या तराजूची सांगावी, जोंगनोच्या कंदिलांची सांगावी. मग आपल्या घरची गोष्ट सांगावी. हलगी कोणी वाजवली, शाहिरी कोणी जपली, गावोगाव जलसे करून बाबासाहेबांचा संदेश कोणी पोहोचवला, आणि त्या माणसांना गावाने कोठे बसवले. कोरियाच्या ढोलाला जगाने मान दिला, त्याच्या आधी त्या ढोलाच्या मालकांना आपला हक्क मागून, भांडून मिळवावा लागला होता. कलेला टाळ्या मिळाल्या तरी कलावंताला माणूस म्हणून मान मिळतोच असे नाही, हे आपल्याएवढे कोणाला ठाऊक असणार?

येत्या वैशाख पौर्णिमेला आपल्या विहारात मुलांकडून कागदाची कमळे आणि कंदील करवून घ्यावेत. खर्च थोडा आणि काम हातचे. ज्या मुली आज कोरियन नाच बसवतात त्यांनाच त्या कार्यक्रमाची जबाबदारी द्यावी आणि हा इतिहास वाचून दाखवायला सांगावे. त्या तो जीव ओतून सांगतील याची आम्हांस खात्री आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!